शब्दाला जागलेला खेळाडू : रोबेर्तो क्लेमेंते

आपल्या घरांत खेळ म्हटला की क्रिकेट, फार तर कबड्डी किंवा फुटबॉल. बेसबॉल हा शब्द मुलांना ठाऊक असलाच तर तो डोक्यावरच्या टोपीमुळे. तेव्हा बेसबॉलच्या एका खेळाडूवर एवढी पाने कशाला, असे काही वाचकांना वाटेल. रोबेर्तो क्लेमेंते हे अमेरिकेतल्या बेसबॉलचे फार मोठे नाव. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री, सारे जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना, भूकंपग्रस्तांसाठी अन्न आणि औषधे घेऊन निघालेल्या विमानासह ते समुद्रात बुडाले. वय अवघे ३८. त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा या एका रात्रीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आम्हाला मात्र त्या रात्रीच्या आधीची ३८ वर्षेही तितकीच सांगण्याजोगी वाटतात.

खेळाची थोडी ओळख आधी करून घेऊ. मैदानाचा मधला भाग म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो, फलंदाज गोल दांडक्यासारख्या बॅटने तो टोलवतो आणि पहिल्या बेसकडे धावतो. सगळे बेस ओलांडून तो मूळ जागी परतला की एक धाव होते. आपल्या फटक्यावर सुखरूप बेस गाठला की फलंदाजाच्या नावावर एक ‘हिट’ जमा होते. दहा वेळांत तीन हिट मिळवणारा फलंदाज उत्तम मानतात. म्हणजे उत्तमातला उत्तमही दहांतून सात वेळा फसतो! मुलांच्या गुणपत्रिकेतला एकेक गुण मोजणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, ही आमची आगाऊ विनंती.

क्लेमेंते यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको या बेटावर, कारोलिना गावाजवळच्या सान अंतोन वस्तीत झाला. कॅरिबियन समुद्रातले हे बेट १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते, नंतर अमेरिकेकडे आले. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण घरात आणि बाजारात स्पॅनिश बोलतात. त्या काळी सगळा मुलूख उसाचा. वडील मेल्चोर क्लेमेंते उसाच्या मळ्यावर मुकादम होते. मुकादम म्हणजे काय आणि उसाच्या फडातला दिवस कसा असतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आई लुइसा वॉकर घर सांभाळून चार पैशांची कामेही करीत. रोबेर्तो सात भावंडांत सर्वांत धाकटा.

लहानपणी त्याला सायकल हवी होती. वडील म्हणाले, कमवून घे. मग पोराने शेजाऱ्यांकडे दुधाच्या किटल्या पोहोचवण्याचे काम धरले आणि पै-पै साठवून तीन वर्षांनी जुनी सायकल घेतली, अशी आठवण त्याच्या चरित्रांत येते. बेसबॉलचे साहित्य विकत घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. पेरूच्या झाडाची फांदी ही बॅट आणि चिंध्या गुंडाळून केलेला गोळा हा चेंडू. तेही नसेल तर झाडूची दांडी आणि बाटलीची बुचे. शाळेत तो भालाफेकीतही पुढे होता. पुढे त्याच्या ज्या दणकट फेकीने भल्याभल्यांना जागीच थांबवले, तिचे मूळ पुष्कळ जण या भाल्यात शोधतात.

इथे कथेत एक शिक्षक येतो, आणि आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले असल्याने इथे क्षणभर थांबणार आहोत. रोबेर्तो मारिन हे इतिहास शिकवत आणि सॉफ्टबॉलचा संघही बांधत. वस्तीतून जाताना त्यांना काठीने रिकामे डबे टोलवणारा एक १४ वर्षांचा मुलगा दिसला. अशी मुले गल्लोगल्ली दिसतात आणि आपण त्यांना ‘अभ्यास नाही का रे?’ एवढेच विचारून पुढे जातो. मारिन पुढे गेले नाहीत. त्यांनी त्याला एका तांदूळ कंपनीच्या संघात घेतले आणि काही वर्षांनी सांतुर्से संघाच्या मालकांकडे स्वतः नेले. ऑक्टोबर १९५२ मध्ये या मुलाने आठवड्याला ४० डॉलरवर सांतुर्सेशी करार केला. तेव्हा त्याची शाळा अजून संपलेली नव्हती.

त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या अमेरिकन संघाचा माणूस पोर्तो रिकोत मुले पारखायला आला होता. सत्तरएक मुलांत त्याच्या नजरेत भरला तो हाच. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉजर्सने १०,००० डॉलर बोनस आणि ५,००० डॉलर पगार देऊ केला. रोबेर्तो हो म्हणाला. कागदावर सही व्हायची होती, एवढ्यात मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाने दुपटीहून मोठी रक्कम पुढे केली. उसाच्या मुकादमाच्या घरात तेवढे पैसे कोणी एकरकमी पाहिले नसतील. मुलाने आईला विचारले. आईचे म्हणणे एवढेच होते की शब्द दिला असेल तर तो पाळायचा. रोबेर्तोने डॉजर्सच्याच कागदावर सही केली.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा एखादा चलाख विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘सर, मग त्याचे नुकसानच झाले ना?’ हिशेबाने झालेच. डॉजर्सने त्याला मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले. तिथे फ्रेंच आणि इंग्रजी, याला दोन्ही येत नव्हत्या, आणि त्याला खेळवलेही फार थोडे. त्या काळच्या नियमाप्रमाणे ४,००० डॉलरहून जास्त बोनस घेतलेला नवा खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर वर्षअखेरीस दुसरा संघ त्याला उचलू शकत असे. पिट्सबर्ग पायरेट्सचा एक जाणकार माणूस मॉन्ट्रियलला दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेला होता. सरावात या पोराची फेक पाहून तो चमकला. नोव्हेंबर १९५४ मध्ये पायरेट्सने क्लेमेंते यांना उचलले. अशा रीतीने ज्या संघाला शब्द दिला त्या संघाच्या मुख्य चमूत ते एक दिवसही खेळले नाहीत, आणि ज्या गावाचे नावही त्यांना धड ठाऊक नसेल त्या पिट्सबर्गशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पायरेट्स त्या वेळी तळाचा संघ होता.

उर्दूत ‘जबान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भाषा आणि दुसरा दिलेला शब्द. क्लेमेंते यांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिल्या जबानीची गोष्ट झाली. आता दुसरीची.

१९५५ च्या वसंतात ते सरावासाठी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला गेले. जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये काळ्या खेळाडूंसाठी बंद असलेले दार उघडले होते, त्याला आठ वर्षे झाली होती. पण दक्षिणेतली हॉटेले अजून गोऱ्यांचीच होती. गोरे सहकारी हॉटेलात उतरत आणि काळ्या खेळाडूंची सोय गावाच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या कुटुंबांच्या घरी होई. प्रवासात बस जेवणासाठी थांबली की गोरे आत जाऊन जेवत आणि काळ्यांना बसमध्येच कोणी आणून देईल ते खावे लागे. पोर्तो रिकोत गरिबी होती, पण अशी आखलेली रेघ क्लेमेंते यांनी पाहिली नव्हती. त्यांनी ते अन्न घ्यायला नकार दिला, सोबत्यांनाही घेऊ नका म्हणाले, आणि शेवटी व्यवस्थापनाशी भांडून काळ्या खेळाडूंसाठी वेगळी मोटार मिळवली. त्यांची अडचण दुहेरी होती. गोऱ्यांच्या लेखी ते काळे होते आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या लेखी परदेशी.

वर्तमानपत्रवाले त्यांचे इंग्रजी जसे कानावर पडे तसे, मोडक्या स्पेलिंगसह छापत. गोरा खेळाडू अडखळला तर त्याची वाक्ये दुरुस्त होऊन छापली जात आणि क्लेमेंते यांची मात्र वाचकांच्या करमणुकीसाठी मोडून ठेवली जात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी हे सोसले असेल. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत उभे राहून ‘ळ’ उच्चारते तेव्हा वर्गात जी खसखस पिकते, ती आम्ही वीस वर्षे ऐकत आलो आहोत. (उलटही होते. कोकणातून आलेल्या मुलाचे उर्दू ऐकून हसणारेही आपल्यातच आहेत.) क्लेमेंते रागावत, आणि रागावल्याचे लपवीत नसत. खेळाच्या पत्त्यांवर, समालोचनात, बातमीत त्यांचे नाव ‘बॉब’ किंवा ‘बॉबी’ होत असे. ते दर वेळी सांगत, माझे नाव रोबेर्तो आहे. त्यांच्या पाठीवरचा २१ हा आकडाही त्यांनी पूर्ण नावातली अक्षरे मोजून घेतला असे सांगतात. रोबेर्तो क्लेमेंते वॉकर, वडिलांचे आडनाव आणि मग आईचे, ही स्पॅनिश रीत. रोमन लिपीत ही अक्षरे बरोबर २१ भरतात.

त्यांचे दुखणे हाही थट्टेचाच विषय होता. १९५४ च्या अखेरीस त्यांचा भाऊ लुईस मेंदूतल्या गाठीने अखेरच्या घटका मोजत होता. त्याला भेटून येताना दारू प्यायलेल्या माणसाने त्यांच्या मोटारीला धडक दिली आणि पाठीचे मणके दुखावले. ते दुखणे जन्मभर राहिले. कोणी ‘कसे आहात?’ म्हणून विचारले की क्लेमेंते खरे उत्तर देत. मान दुखते, पाठ दुखते, झोप येत नाही. अमेरिकेत या प्रश्नाला ‘उत्तम’ एवढेच उत्तर अपेक्षित असते. झाले, बातमीदारांनी त्यांना कुरकुऱ्या ठरवले! हा कुरकुऱ्या माणूस १८ हंगाम खेळला.

आता मैदानावर येऊ. आकडे थोडक्यात देतो, कारण आकड्यांतून त्यांचा खेळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. कारकिर्दीची सरासरी ०.३१७, चार वेळा (१९६१, १९६४, १९६५, १९६७) लीगमधली सर्वोच्च सरासरी, १९६६ मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान आणि क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लव्ह’ सलग १२ वर्षे. त्यांची जागा उजव्या कडेला, खोलवर. तिथून ते चेंडू असा फेकत की तिसऱ्या बेसकडे निघालेला गडी अर्ध्यात थबके. धावताना हात-पाय चहूकडे उडत, डोक्यावरची टोपी पडे, मानेला झटके देत ते बॅटिंगला उभे राहत. पाठ्यपुस्तकात दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते. २५ जुलै १९५६ चा एक फटका तर अफलातून होता. तिन्ही बेसवर आपले गडी, संघ पिछाडीवर आणि शेवटचा डाव चालू. क्लेमेंते यांनी चेंडू मैदानातच मारला, तिघे घरी परतले आणि बरोबरी झाली. तिसऱ्या बेसपाशी प्रशिक्षक दोन्ही हात वर करून ‘थांब’ म्हणत होते. हे थांबलेच नाहीत, सरळ घराकडे धावले आणि सामना ९-८ ने जिंकून दिला. प्रशिक्षकाचे न ऐकणे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवणार नाही, पण वाचताना हसू येतेच.

१९६० मध्ये पायरेट्सने बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. सातही सामन्यांत क्लेमेंते यांनी हिट मिळवली होती. विजयानंतर संघ कपडे बदलायच्या खोलीत जल्लोष करीत राहिला आणि हे लवकर बाहेर पडून पिट्सबर्गच्या रस्त्यांवरल्या गर्दीत मिसळले. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात त्यांचा क्रमांक आठवा लागला. हे शल्य त्यांना फार दिवस सलत होते. आम्हाला यात गैर काही दिसत नाही. ज्याला रोज आपले नावसुद्धा दुरुस्त करून सांगावे लागते, त्याने मानाच्या बाबतीत उदार असावे ही अपेक्षा करणारे आपण कोण?

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दोघांचा परिचय होता, किंग पोर्तो रिकोत क्लेमेंते यांना भेटलेही होते. अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी नव्या हंगामाचा पहिला सामना ठेवलेला होता. पायरेट्समध्ये त्या वेळी काळे खेळाडू इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त होते. क्लेमेंते पुढे झाले, गोऱ्या सहकाऱ्यांनाही बरोबर घेतले आणि अंत्यसंस्कार होईपर्यंत खेळणार नाही असे संघाने कळवले. १ सप्टेंबर १९७१ रोजी याच संघाने एक सामना असा खेळला की मैदानात उतरलेले नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन अमेरिकन होते. बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धेत हे प्रथमच घडले, आणि उजव्या कडेला अर्थातच क्लेमेंते होते.

त्याच वर्षीची वर्ल्ड सिरीज ही त्यांची. वय ३७, समोर बाल्टिमोर ओरिओल्सचा संघ. पहिले दोन्ही सामने पायरेट्स हरले, पण मालिका सातव्या सामन्यापर्यंत खेचून त्यांनी ती जिंकली. तो सामना २-१ असा सुटला आणि दोनांपैकी एक धाव क्लेमेंते यांच्या होमरनची होती. मालिकेतली सरासरी ०.४१४, पुन्हा सातही सामन्यांत हिट, मालिकेचे मानकरीही तेच. दूरचित्रवाणीवाला माईक घेऊन आला. साऱ्या अमेरिकेत प्रक्षेपण चालू होते. क्लेमेंते यांनी इंग्रजीत बोलण्याआधी परवानगी घेतली आणि स्पॅनिशमध्ये आपल्या मुलांना आशीर्वाद दिला व आई-वडिलांची दुआ मागितली. ज्या जबानीची सतरा वर्षे टिंगल झाली तीच जबान त्या दिवशी घराघरांत पोहोचली. लॅटिन अमेरिकन घरांतून हे वाक्य आजही सांगितले जाते.

घरगुती आयुष्याबद्दल दोन ओळी. नोव्हेंबर १९६४ मध्ये कारोलिनातच वेरा सबाला यांच्याशी विवाह झाला. तीन मुले झाली, आणि तिन्ही बाळंतपणे पोर्तो रिकोतच व्हावीत हा क्लेमेंते यांचा आग्रह होता. संघ ज्या शहरात जाई तिथल्या इस्पितळांतल्या आजारी मुलांची पत्रे ते आधी वेगळी काढून ठेवत आणि सामन्याआधी जाऊन भेटून येत. बातमीदारांना ते बरोबर नेत नसत. पोर्तो रिकोतल्या गरीब मुलांसाठी मोठी क्रीडानगरी उभारायची हे त्यांचे स्वप्न होते. ज्याला दुसऱ्याचे भले करण्याची संधी आहे आणि तो ते करीत नाही, तो पृथ्वीवरचा वेळ वाया घालवतो, अशा आशयाचे वाक्य ते भाषणांत बोलत.

३० सप्टेंबर १९७२ रोजी पिट्सबर्गमध्ये त्यांनी आपली ३,००० वी हिट मारली. तोवर हा आकडा फक्त दहा जणांनी गाठला होता. त्या हंगामातल्या साखळी सामन्यांतली ती त्यांची शेवटची हिट होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

नोव्हेंबरात ते पोर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाच्या राजधानीत, मानाग्वाला गेले. तिथे तीन आठवडे राहिले. रोज सकाळी नाण्यांची चिल्लर घेऊन बाहेर पडत आणि गरिबांशी बोलत बसत. एका इस्पितळात दोन्ही पाय गमावलेला मुलगा भेटला. त्याला कृत्रिम पाय मिळावेत म्हणून त्यांनी पैशांची व्यवस्था केली. डिसेंबरात घरी परतले. २३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मानाग्वाला भूकंप झाला. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला, हजारो माणसे दगावली, अडीच लाखांहून अधिक बेघर झाली.

क्लेमेंते यांनी नाताळ घरी काढलाच नाही. एक गायिका आणि दूरचित्रवाणीवरचे एक सूत्रसंचालक यांच्यासह त्यांनी मदत समिती उभी केली, सान हुआनच्या स्टेडियममध्ये संकलन केंद्र उघडले आणि स्वतः दारोदार फिरले. सुमारे दीड लाख डॉलर आणि २६ टन सामान जमा झाले. मदत घेऊन काही विमाने गेलीही. आणि मग वाईट बातम्या येऊ लागल्या. निकाराग्वात सोमोझा घराण्याची हुकूमशाही होती. त्यांचे सैनिक विमानतळावरच सामान ताब्यात घेत होते, गरजूंपर्यंत काही पोहोचत नव्हते. परत आलेल्या माणसाने सांगितले की क्लेमेंते यांचे नाव घेतले तेव्हा कुठे सामान सुटले. क्लेमेंते यांनी ठरवले की पुढच्या विमानाबरोबर आपण स्वतः जायचे. लोकांनी सामान त्यांच्या भरवशावर दिले होते.

आता त्या विमानाबद्दल. ते जुने डीसी-७ मालवाहू विमान होते. त्याच महिन्याच्या २ तारखेला ते विमानतळावरच एका चरात जाऊन आदळले होते. दुरुस्ती अर्धवट झाली होती. मालक तरुण होता, आणि तोच सहवैमानिकाच्या खुर्चीत बसला होता, त्या विमानाचा पुरेसा परवाना नसताना. वैमानिक ऐन वेळी शोधलेला, दमलेला. सामानाचे वजन परवानगीपेक्षा ४,००० पौंडांहून जास्त आणि नीट न रचलेले. दुपारी विमान धावपट्टीकडे गेले आणि बिघाड होऊन परत आले. वेरा विमानतळावर सोडायला आल्या होत्या, त्यांना काळजी वाटत होती. सामान चढवायला मदत करणारा टॉम वॉकर नावाचा एक तरुण पिचर ‘मीही येतो’ म्हणाला. क्लेमेंते यांनी त्याला नव्या वर्षाची रात्र मजेत घालव म्हणून परत पाठवले. या वॉकरचा मुलगा नील पुढे पिट्सबर्ग पायरेट्सकडूनच खेळला.

रात्री साडेनवाच्या सुमारास विमान उडाले. एक इंजिन बिघडले, वैमानिकाने मागे वळण्याचा प्रयत्न केला आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ते समुद्रात कोसळले. आत पाच जण होते. सापडला तो एकट्या वैमानिकाचा देह. बातमी पसरली तशी नव्या वर्षाची गाणी थांबली आणि माणसे किनाऱ्यावर जमू लागली. दिवसचे दिवस ती तिथे उभी होती. संघातला पनामाचा खेळाडू मॅनी सांगियेन हा क्लेमेंते यांचा जिवलग. पिट्सबर्गहून सारे सहकारी प्रार्थनासभेला आले, तेव्हा हा सभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून मित्राला शोधत होता.

पुढे मृतांच्या कुटुंबीयांनी सरकारी विमानवाहतूक विभागावर दावा लावला. विमान तपासून रोखणे तुमचे काम होते, हा त्यांचा मुद्दा खालच्या न्यायालयाने मान्य केला. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याचे आम्हाला कळत नाही, पण एवढे कळते की भले काम करायला निघालेल्या माणसांभोवती बहुधा घाई असते, आणि घाईत ‘गाडी ठीक आहे ना, चालवणारा झोपला आहे ना’ हे कोणी विचारीत नाही. पूरग्रस्तांसाठी ट्रक भरून रात्री-अपरात्री निघणारी आपली तरुण पोरे आम्हाला या ठिकाणी आठवतात. त्यांच्या नियतीवर कोणाला शंका नाही. ट्रकचे टायर मात्र एकदा पाहून घ्यावेत. क्लेमेंते शहीद झाले असे म्हणणे सोपे आहे. त्या विमानाला उडू द्यायला नको होते, हेही तितकेच खरे आहे आणि ते म्हणायला कोणी पुढे आले नाही.

नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर पाच वर्षे झाल्याखेरीज बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये प्रवेश नसे. क्लेमेंते यांच्यासाठी मार्च १९७३ मध्ये खास मतदान झाले. ४२४ पैकी ३९३ मते पडली. हा मान मिळालेले ते पहिले लॅटिन अमेरिकन. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला बेसबॉल मंडळातर्फे दर वर्षी जो पुरस्कार मिळतो, त्याला १९७३ पासून त्यांचे नाव आहे. पिट्सबर्गच्या स्टेडियममध्ये त्यांच्या जागेमागची, म्हणजे उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे आणि तिथे जाणारा नदीवरचा पूलही त्यांच्या नावाचा. कारोलिनात सरकारने ३०४ एकर जमीन दिली आणि क्रीडानगरी उभी राहिली. वेरा यांनी २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत पतीचे नाव आणि काम जपले. क्रीडानगरीची मात्र अलीकडच्या वर्षांत दुरवस्था झाली, हे नमूद करावेच लागेल.

हॉल ऑफ फेममध्ये १९७३ साली त्यांची जी धातूची पाटी लागली, तिच्यावर नाव कोरले होते ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’. कोणीतरी आईचे आडनाव मधले नाव समजून अमेरिकन पद्धतीने बसवून टाकले होते. पाटी तशीच २७ वर्षे भिंतीवर होती. सन २००० मध्ये ती उतरवून नवी लावली. नव्या पाटीवर लिहिले आहे, रोबेर्तो क्लेमेंते वॉकर.